वाळुंजाचं कुंपण

"झाडाचं नाव विचारलं तर नाव सांगा. उपयोग विचारला तर म्हणा, बघून सांगते." घोडबंदरच्या खाडीकाठी, वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या सहलीत शुभदा मॅडम असं म्हणाल्या तेव्हा संघप्रिया हसली होती. हसण्यासारखंच होतं ते. मॅडमना त्या काठावरची सगळी झाडं पाठ. आणि वाटेत एका माणसाने हातातली फांदी पुढे करून "बाई, ही कशावर चालते?" असं विचारलं, तर मॅडमनी नुसतं नाव सांगितलं आणि चालू लागल्या.

परतीच्या बसमध्ये संघप्रियाने विचारलंच. "मॅडम, तुम्हाला तर माहीत होतं. सांगितलं का नाही?"

"नाव ऐकलेला माणूस झाडाकडे बघतो," मॅडम म्हणाल्या. "उपयोग ऐकलेला माणूस घरी जाऊन कोयता आणतो. आणि त्याच्या पोटात आधी काय काय गेलेलं आहे, ते तुला माहीत नसतं."

संघप्रियाला हे काही पटलं नाही. तिचे वडील कोंडिराम मूळचे जालन्याकडचे, घराण्यात पहिले मॅट्रिक झालेले. आपल्याला कळलेलं आपल्यापाशीच दाबून ठेवणाऱ्या लोकांनी आपल्या आजा-पणजांचं काय केलं, हे त्यांनी मुलीला लहानपणापासून ऐकवलेलं. मॅडम घाबरट आहेत, असं ती शेजारच्या मुलीच्या कानात म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्याला आता सात वर्षं झाली.

सात वर्षांत पदवी झाली, एका शाळेत दोन वर्षं नोकरी झाली, समाधानशी लग्न झालं, काशीगावात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर झालं, आणि सप्टेंबरमध्ये मुलगी झाली. मुलगी झाल्यावर संघप्रियाचं एक विचित्र झालं. तिला काही वाटेनासं झालं. रडू येईना की हसू येईना. जेवण गोड आहे की आळणी, हेही समाधानने "मीठ विसरलीस वाटतं" म्हटल्यावर कळायचं. वाटणं गेलं आणि नुसतं लक्ष उरलं. बाळाचा श्वास, बाळाची शी, बाळाच्या मानेवरचं पुरळ, दूध किती वाजता, ढेकर आली की नाही, हे सगळं ती मोबाइलमध्ये टिपून ठेवायची. घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या नखांकडे आधी बघायची, चेहऱ्याकडे नंतर. तिची आई सरोजा दोन महिने राहून जालन्याला परत गेली, जाताना म्हणाली, "पोरी, तू बाळाला सांभाळतेयस की राखण करतेयस?" संघप्रियाला दोन्हींतला फरक तेव्हा कळत नव्हता.

आई गेल्यावर बाळाला न्हाऊमाखू घालायला तळमजल्यावरच्या जिजाबाई यायला लागल्या.

बिल्डिंग जिजाबाईंच्याच घरची. पूर्वी तिथे त्यांची भातखाचरं होती, आता त्यांच्या मुलाने, धर्मेशने, त्यावर चार मजले चढवले होते. जिजाबाई मुलीच्या वयात मिठागरावर राबलेल्या, लग्नानंतर चिखलात भात लावलेल्या. त्यामुळे गुडघे पार गेलेले. तरी रोज दहाच्या सुमाराला भिंतीला हात लावत, प्रत्येक वळणावर थांबत त्या तीन मजले चढून यायच्या. पैसे द्यायची गोष्ट संघप्रियाने एकदाच काढली. "पैशाचं नाव काढशील तं उद्यापासून तूच घस पोरीला," असं ऐकून घेतलं.

"हात धुतले का मावशी?"

"धुतले गो बाय. तुज्या साबनानं धुवून धुवून माज्या हातावरच्या रेषा गेल्या. आता जोतिषाला काय दाखवू?"

"नखं?"

"काल कापली. पायाची पन कापली, तुला भरोसा नाय म्हनून." मग बाळाकडे वळून, "बघ गो चांदनी, तुजी आय पोलिसात व्हती काय गं?"

चांदणी हे नाव जिजाबाईंचंच. कागदावर दुसरं होतं, पण हेच चिकटलं. पाय लांब करून त्यावर बाळाला पालथं घालायचं, कोमट तेलाने पाठ चोळायची, आणि मिठागरावरची कुठलीतरी हकिगत सांगायची, असा कार्यक्रम असे. संघप्रिया समोर बसून त्या हातांवर नजर ठेवायची. हकिगत तिच्या कानावरून जायची.

डिसेंबरात एका सकाळी जिजाबाई म्हणाल्या, "पोरीला उन्हात काढ. आणि तू पन नीघ, पांढरी पडलीस. चल माज्या वाडीत."

वाडी म्हणजे बिल्डिंगच्या मागे, ओढ्याच्या काठाला उरलेला जमिनीचा पट्टा. मुळा, माठ, चार वांगी. ओढ्याला आता सगळे नालाच म्हणत, पण डोंगराकडून येणारं पाणी हिवाळ्यात तसं बरं असायचं. वाडीच्या आणि पाण्याच्या मधे कुंपण होतं. तीसेक खुंट ओळीने रोवलेले, कंबरेएवढ्या उंचीचे, आणि प्रत्येक खुंटाला वरून फुटवा आलेला. खुंट कसले, झुडपंच झाली होती त्यांची. बहुतेक पानं गळलेली, बारीक लवचीक काड्या, आणि त्या काड्यांवर पिवळसर, केसाळ, बोटभर लांबीचे तुरे. तुऱ्यांवर मधमाश्या होत्या.

संघप्रिया थांबली.

"मावशी, हे कोणी लावलं?"

"लावलं नाय गो. सासऱ्यानं बांध ढासलत व्हता म्हनून मेखा मारल्या. वालुंजाच्या. ओल्या व्हत्या, धरल्या. दर दोन वर्सांनी धर्मेश छाटतो, परत येतात मेल्या."

संघप्रियाने बाळ जिजाबाईंकडे दिलं, न सांगता, हात धुतले का न विचारता. एक काडी वाकवून डोळ्यांजवळ आणली. कळीवर एकच खवला होता, टोपीसारखा अख्खा बसलेला. नखाने सरकवला तर सबंध निघून आला. शेंड्याला राहिलेलं एक पान तिने उलटं केलं. लांबट, कडेला बारीक दाते, वरून हिरवं आणि खालून चुना लावल्यासारखं पांढुरकं. तुऱ्यातलं एक फूल सोडवून तळव्यावर ठेवलं. पाकळी नाही, काही नाही. नुसते पुंकेसर. सात मोजले.

"सॅलिक्स," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कितीतरी दिवसांनी ऐकल्यासारखा वाटला.

"काय बोल्लीस?"

"वाळुंज. मावशी, ह्याच्यात नराचं झाड वेगळं असतं आणि मादीचं वेगळं. एका झाडावर दोन्ही नसतात. हे नराचं. आणि तुमच्या सासऱ्यांनी एकाच झाडाच्या फांद्या तोडून मेखा केल्या असणार ना? म्हणजे हे तीसच्या तीस नरच. खरं तर एकच झाड आहे हे, तीस ठिकाणी उभं."

"सगले बाप्येच?" जिजाबाईंनी बाळ खांद्यावर टाकलं. "तरी बोल्ले मी, निस्ते उभे ऱ्हातात, कामाचे कायच नाय."

आणि संघप्रिया हसली. मोठ्याने. बाळ दचकलं इतकी. मग ती बोलतच सुटली. मादीच्या झाडाला बोंड येतं, ते उकललं की कापसासारखी बी उडते, बी इतकी नाजूक की थोड्याच दिवसांत ओली माती सापडली नाही तर संपली. म्हणून हे झाड पाण्याचा काठ सोडत नाही. पुरात फांदी मोडली तर ती वाहत जाऊन दुसऱ्या काठाला लागते आणि तिथे मूळ धरते. मोडणं हीच त्याची पसरायची रीत. मुळं पाण्यात लालसर झुबक्यासारखी सुटतात आणि माती धरून ठेवतात. सासऱ्यांनी बरोबर झाड निवडलं. जिजाबाई मान हलवत ऐकत होत्या, आणि कोणीतरी आपलं ऐकतंय, दुधाबद्दल नाही, शीबद्दल नाही, तर आपण शिकलेल्या गोष्टीबद्दल, हे संघप्रियाला भुकेल्या माणसाला घास मिळावा तसं लागलं. ती थांबली नाही.

"आणि ह्याची साल. कडू जहर. तिच्यात सॅलिसिन नावाचं एक द्रव्य असतं. दुखण्यावरच्या, तापावरच्या गोळ्यांची सुरुवात तिथून झाली."

"गुडघ्यावर चालंल?"

"पूर्वी लोक उकळून घ्यायचे म्हणतात."

एवढंच ती म्हणाली. 'घ्या' म्हणाली नाही. पुढे तिने ते वाक्य मनात इतक्या वेळा फिरवून बघितलं की त्यातला शब्दन् शब्द तिला पाठ झाला, आणि 'घ्या' त्यात कुठेच नव्हतं. त्याचा उपयोग मात्र काही झाला नाही.

जानेवारीत एकदा जिजाबाई गोळ्यांची पट्टी घेऊन वर आल्या. "बघ गो, तारीख गेली का हिची? धर्मेश बोलतो आन बोलतो, आनत नाय नवी." संघप्रियाने पट्टी उजेडात धरली. तारीख शोधली. पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. "चालेल मावशी," म्हणून पट्टी परत दिली. गोळीचं नाव पट्टीवर ठळक छापलेलं होतं आणि ते तिने वाचलंही असणार, पण तिच्या डोक्यात तारखाच होत्या: लशीची, ड्रॉप्सची, दुधाच्या पावडरच्या डब्याची.

त्याच सुमाराला जिजाबाई जिना चढताना थांबेनाशा झाल्या.

"काय मावशी, आज दम नाही लागला?"

"गुडघा ऐकतो आता माजं."

संघप्रियाने ते ऐकलं. का ऐकतो, हे विचारलं नाही. बाळाला सर्दी झाली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी ती गोष्ट घडली. जिजाबाईंनी बाळाला पायावर घेतलं, बाह्या वर सारल्या, आणि संघप्रियाला त्यांच्या उजव्या हातावर डाग दिसले. कोपराखाली एक, जांभळा, तळव्याएवढा. मनगटाशी दोन-तीन बारीक. डाव्या हातावर पिवळा पडत चाललेला आणखी एक.

"हे काय आहे?"

"काय नाय. कुठं लागलं असंल. म्हातारी कातडी, कागदासारी."

"दोन्ही हातांना लागलं?"

"दोन हातांनी काम करते, मग एकाच हाताला लागंल काय?"

संघप्रियाला हसू आलं नाही. डागावर तेल होतं आणि तेच तेल बाळाच्या पाठीवर होतं. तिने मोबाइल उघडला, बंद केला. छातीत धडधडायला हवं होतं. धडधडत नव्हतं. आत सगळं शांत, थंड होतं आणि त्या थंडपणातून शब्द अगदी नीट, जुळून आले.

"मावशी, आठ दिवस मालिश नको. तुम्ही एकदा डॉक्टरना दाखवा. स्किनचं काही असलं तर… लहान बाळ आहे. राग मानू नका."

जिजाबाईंचा हात बाळाच्या पाठीवर तसाच थांबला. मग त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून हळूच गादीवर ठेवलं, तेलाची वाटी बाजूला सारली, हात पुसले, आणि बाह्या खाली ओढल्या. वरून पदरही घेतला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पोर पयली."

संध्याकाळी समाधान म्हणाला, "अगं, एवढं तोडून कशाला बोललीस? मावशीला वाईट वाटलं असेल."

"आठ दिवसांचाच प्रश्न आहे."

"दाखवलं का त्यांनी डॉक्टरला?"

"दाखवतील ना. धर्मेशदादा आहेत की."

आठ दिवसांचे पंधरा झाले. जिजाबाई वर आल्या नाहीत, आणि संघप्रिया खाली गेली नाही. खिडकीतून ती त्यांना वाडीत बघायची. भर उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज, पदर दोन्ही खांद्यांवर. कधी वांग्यांपाशी, कधी कुंपणापाशी वाकलेल्या. बाळाला ती आता स्वतःच तेल लावत होती, यूट्यूबवर बघून. सगळं ठीक चाललं होतं.

मार्चमध्ये एका सोमवारी, अकराच्या सुमाराला, खालून धर्मेशचा आवाज आला. "आई! ए आई! ऋतिका, गाडीची चावी आण, पळ!" संघप्रिया बाळाला घेऊन जिन्यात आली तोवर धर्मेश आणि त्याची बायको ऋतिका जिजाबाईंना उचलून गाडीत घालत होते. जिजाबाईंच्या साडीवर पुढून काळपट लाल ओघळ होते. बाथरूममध्ये उलटी झाली होती, रक्ताची. डोळे उघडे होते. त्यांनी वर बघितलं की नाही, हे संघप्रियाला सांगता यायचं नाही. गाडी गेली. फरशी गार आहे आणि आपण अनवाणी आहोत, एवढंच तिच्या लक्षात आलं.

दुपारी दोनला ऋतिका रिक्षाने परत आली, कपडे आणि फाइल न्यायला. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "संघप्रिया, प्लीज खाली ये ना. जुनी फाइल सापडत नाहीये. डॉक्टर म्हणतात पोटात ब्लीडिंग आहे, थांबतच नाहीये. दोन बाटल्या रक्त चढवलं. आधीचे कागद मागतायत."

"काय झालं म्हणतात?"

"कळत नाहीये त्यांना. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. धर्मेश म्हणाले, नाही, हार्टच्या सोडून एकही नाही. पेनकिलरला तर आई हातसुद्धा लावत नाहीत, डॉक्टरनी सक्त मना केलंय ना."

फाइल जिजाबाईंच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली सापडली. संघप्रियाने ती उघडली. पहिल्याच पानाला एक कार्ड टाचलेलं होतं, मराठीत छापलेलं. रुग्ण रक्त पातळ करण्याचे औषध घेत आहे. वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. खाली त्या औषधाचं नाव, पट्टीवर होतं तेच. त्याखाली, अंगावर काळे-निळे डाग दिसल्यास त्वरित कळवावे.

तिने ते दोनदा वाचलं.

"सापडली ना? दे," ऋतिका स्वयंपाकघरातून म्हणाली. ती पाण्याची बाटली भरत होती. "आणि तो काढा तसाच राहिला बघ सकाळचा. वास येईल, ओतून टाकते."

ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलचं पातेलं होतं. त्यात तपकिरी पाणी, आणि तळाशी सालीचे तुकडे. संघप्रिया दारात उभी राहिली.

"कसला काढा?"

"अगं, तूच सांगितलास ना? मागच्या कुंपणाची साल. गुडघ्यासाठी. संक्रांतीपासून घेतायत, सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, आई, कशाला उगाच? तर मलाच झापलं. 'डॉक्टरनं गोली नको बोल्लाय, साल नको नाय बोल्ला. आन वरच्या पोरीनं सांगितलंय, ती कालेज शिकलीय ह्याच्यातलं.'" ऋतिकाने नाक पुसलं. "फरक पडला पण त्यांना. जिना चढायला लागल्या होत्या की नाही?"

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने पातेलं उचललं आणि सिंककडे वळली.

ह्या ठिकाणी संघप्रिया गप्प राहिली असती तरी चाललं असतं, म्हणजे कोणाला कळलं नसतं. काढा सिंकमध्ये गेला असता, सालीचे तुकडे कचऱ्यात. खांद्यावर बाळ झोपलं होतं. तिच्या मनात जे आलं ते भराभर आणि कोरडेपणाने आलं: हे घर ह्यांचं आहे. समाधानला काय सांगायचं. वरची शिकलेली बाई, तिने म्हातारीला काय पाजलं बघा, असं चारही मजल्यांवर होईल. बाबांना कळेल. आणि पलीकडे इस्पितळात एक बाई आहे, तिचं रक्त थांबत नाहीये, आणि ते का थांबत नाहीये हे तिथल्या कोणालाही माहीत नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. पश्चात्ताप झाला असता तर त्याने ढकललं तरी असतं. तसलं काही झालं नाही. फक्त तिचा हात पुढे झाला आणि त्याने पातेल्याची कड धरली.

"ओतू नकोस. बाटली दे. मी येते तुझ्याबरोबर."

"बाळाला घेऊन? हॉस्पिटलमध्ये?"

"हो."

जे बाळ सहा महिन्यांत लशीखेरीज घरापासून लांब कुठे गेलं नव्हतं, ते त्या दिवशी रिक्षाच्या धुरातून, हायवेवरून, इस्पितळाच्या गर्दीत गेलं. संघप्रियाने त्याच्या तोंडावर फडकंसुद्धा टाकलं नाही. विसरली.

धर्मेश आयसीयूच्या बाहेर उभा होता. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. संघप्रियाने बाटली त्यांच्यासमोर धरली.

"हा सालीचा काढा आहे. वाळुंजाच्या. सॅलिक्स. जानेवारीच्या मध्यापासून, दिवसातून दोनदा घेतायत. किती साल घालत होत्या ते माहीत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही हातांवर जांभळे डाग होते."

डॉक्टर थांबले. "विलो? रक्त पातळ करायच्या गोळीवर?" त्यांनी बाटली घेतली, उजेडात धरली. "कोणी सांगितलं त्यांना हे?"

धर्मेशही बघत होता.

"मी," संघप्रिया म्हणाली.

आत कुठेतरी मशीन टिकटिकत होतं. डॉक्टर आत गेले, पाच मिनिटांनी परत आले. "एकट्या सालीनंच झालं, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "ह्या गोळीवर असताना रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. यांची शेवटची कधी झाली?"

धर्मेशने फाइल चाळली. खूप वेळ चाळली. "दिवाळीच्या आधी," तो म्हणाला.

"म्हणजे दोन्ही मिळून. पण हे कळलं ते बरं झालं. आता त्या हिशोबाने औषधं देतो. आज रात्र बघू."

डॉक्टर गेल्यावर धर्मेश बाकावर बसला. संघप्रिया उभीच होती. तो ओरडेल, म्हणेल उद्याच्या उद्या घर खाली करा, ह्याची ती वाट बघत होती. तो फाइलकडे बघत म्हणाला, "मीच म्हणायचो, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात जाऊ." मग म्हणाला, "बाळाला घेऊन घरी जा वहिनी. इथे नको."

ती रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. बाराव्या दिवशी जिजाबाई घरी आल्या, निम्म्या झालेल्या. तोवर धर्मेशने वाळुंजाचं कुंपण जमिनीसरसं कापून टाकलं होतं. भर मार्चच्या उन्हात त्या तीस बुंध्यांना आठवड्यातच कोंब फुटले. खोडाला राग कळत नाही. ऋतिकाने ते पाहून तोंड फिरवलं, धर्मेशने पुन्हा कोयता घेतला नाही.

संघप्रिया खाली गेली ती आणखी चार दिवसांनी. ह्या चार दिवसांत ती रोज दारापर्यंत जायची आणि काहीतरी निमित्त काढून मागे फिरायची. शेवटी बाळाला घेऊन गेली.

जिजाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी आधी काय केलं असेल, तर दोन्ही हात चादरीखाली घेतले.

"ये गो. बस. चांदनी केवढी झाली."

"मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं? तू काय चमच्यानं पाजलंस काय मना? मीच सोलली, मीच उकलली, मीच पेले. कडू जहर, तरी पेले." त्या थोडं थांबल्या, दम लागला होता. "धर्मेश बोल्ला, तू येऊन सांगितलंस म्हनून वाचले. मग? फिटलं."

"नाही फिटलं."

"मग ऐक तं." जिजाबाई तिच्याकडे न बघता बाळाकडे बघत बोलत होत्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "साल बील ऱ्हाऊ दे. मना एकच लागलं. तू माजा हात बघितलास त्या दिवशी. नीट बघितलास, धर्मेशनं नाय बघितला तेवरा बघितलास. आन तुला पोरीची कालजी पडली. पडनारच, आय हायस. पन मावशी, तुला दुखतं का गो, असं नाय इचारलंस. मग मना वाटलं, दाखवायलाच नको कोनाला. झाकून घेतले."

बाळ हात नाचवत होतं. संघप्रियाने खाली बघितलं. आता तरी रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. पण तिने चादरीखाली हात घातला, जिजाबाईंचा उजवा हात बाहेर काढला आणि बाही वर केली. डाग बहुतेक गेले होते. सुयांच्या खुणा होत्या, मनगट काठीसारखं झालं होतं.

"दुखतं का?" तिने विचारलं.

जिजाबाईंनी त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "थोरं दुखतं. रातीचं."

हात परत चादरीखाली गेला नाही.

त्यानंतर संघप्रिया रोज खाली जाते. बाळाला त्यांच्या शेजारी ठेवते. महिन्याच्या तपासणीला धर्मेश नेतो, नाही जमलं तर समाधान नेतो. ती स्वतः ठाण्याला एका डॉक्टरकडे जायला लागली आहे, काही वाटेनासं झालंय त्यासाठी. समाधानने नंबर लावला, ती गेली. फरक पडतोय का विचारलं तर म्हणते, अजून नाही कळत. जिजाबाई पूर्वीसारख्या बोलतात, टोमणेही मारतात, पण जिना काही चढत नाहीत, आणि चढतील असं कोणी धरूनही चालत नाही.

हे सगळं लिहायला तिने मला हो म्हटलं ते एका अटीवर. वाचणाऱ्यांना तिचं एक सांगणं आहे, ते जसंच्या तसं शेवटी यायला हवं. ते असं: तुमच्या घरात, वरच्या मजल्यावर, शेजारी, गावाकडे, कोणीतरी असेल, ज्याच्या गोळ्या रोज चालू आहेत आणि ज्याला आपण "कसं चाललंय?" असं चालता चालता विचारतो. हे वाचून झालं की उठा. जवळ असतील तर जाऊन बसा, लांब असतील तर फोन लावा. गोळ्यांशिवाय आणखी काय घेताय, ते विचारा. काढा, चूर्ण, कोणी सांगितलेली साल, काहीही. आवाज चढवू नका, नाहीतर सांगणार नाहीत. पण ते नंतर. आधी विचारा, दुखतं का कुठे. आणि "नाही, बरं आहे" असं उत्तर आलं, तर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा, आणि पुन्हा विचारा.